अर्धं पोस्टकार्ड

माझ्या भाच्याला मी दोन वर्षांपूर्वी एक सल्ला दिला आणि त्याने तो ऐकला, इथून सगळी अडचण सुरू झाली. एरवी हा मुलगा कुणाचं ऐकत नाही. पण गाड्यांचा विषय निघाला की मामा सांगेल ते प्रमाण. नाशिकहून त्याचा फोन आला होता, “मामा, मागे कितीचा टायर टाकू?” चहाचा कप हातात धरूनच मी निकाल दिला, “१५०. त्याच्या खाली गाडी सुपरमोटो दिसतच नाही.”

दिसतच नाही. आता ते क्रियापद मला खुपतं. टायर रस्ता कसा धरतो, वळताना काय करतो, पावसात कसा वागतो, यातलं एक अक्षर मी बोललो नव्हतो. गाडी स्टँडवर उभी आहे, आपण तिच्या मागे दहा पावलांवर चहा पीत उभे आहोत, तिथून ती कशी दिसते, एवढाच माझा अभ्यास होता.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुपरमोटो म्हणजे अंगाने मातीतली आणि पायांनी डांबरावरची गाडी. उंच, सडपातळ, लांब सस्पेन्शनची ऑफ-रोडर घ्यायची, तिची मोठी चाकं काढायची आणि १७ इंची चाकांवर रस्त्याचे टायर चढवायचे. ही कल्पना जन्मली तीच टीव्हीसाठी. १९७९ साली कॅलिफोर्नियात, कार्ल्सबाडच्या ट्रॅकवर, गॅव्हिन ट्रिप या आयोजकाच्या डोक्यातून एक शर्यत निघाली. थोडी डांबरावर, थोडी मातीत, उड्यांसकट. मोटोक्रॉसवाले, फ्लॅट ट्रॅकवाले आणि रोड रेसिंगवाले यांच्यात खरा हरहुन्नरी कोण, याचा एकदा निकाल लागावा म्हणून. तिकडचा तो कार्यक्रम पुढे बंद पडला, पण खेळ युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, चांगला रुजला.

आपल्याकडे सुपरमोटो बहुतेक वेळा घरीच घडते. २०१९ साली हिरोची एक्सपल्स २०० आली. पुढे २१ इंची, मागे १८ इंची तारांची चाकं, वजन दीडशे किलोच्या थोडं वर, ताकद १८ घोड्यांच्या आसपास. मी ती घेतली, दोन पावसाळे मातीत लोळवली आणि २०२२ मध्ये तिची चाकं बदलली. (कायद्याच्या नजरेत हा बदलच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेपासून फारकत घेऊ देत नाही. कबुलीजबाब द्यायलाच बसलो आहे, तर हेही पोटात ठेवत नाही.) पुढची रिम ३ इंच रुंद, मागची साडेतीन. साडेतीनच का? तर त्या दिवशी त्या दुकानात तेवढीच होती.

आणि त्या साडेतीन इंची रिमवर मी १५०/६०, म्हणजे १५० मिलिमीटर रुंदीचा टायर चढवला.

हे खूळ आलं कुठून, तेही सांगतो. माझं ऑफिस चाकणला. केटीएमच्या ड्यूक तिथेच, बजाजच्या कारखान्यात बनतात, त्यामुळे त्या वाटेवर त्या पावलोपावली. ड्यूक ३९०च्या मागे १५०/६० असतो. सिग्नलला तिच्या मागे थांबलं की तो टायर डोळ्यांत भरतो. मला वाटायचं, तिला १५० तर आपल्याला का नाही? तिच्याकडे चाळीसच्या वर घोडे आहेत आणि त्या टायरच्या मापाची रिम आहे, हे दोन तपशील मी सोयीस्करपणे गाळले. ऑफिसातला एक सहकारी माझ्यासारखीच गाडी १३०च्या टायरवर चालवायचा. त्याच्या टायरला मी ‘पेन्शनरांचा टायर’ म्हणायचो. तो हसायचा, वाद घालायचा नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

माझा टायर चांगल्या जातीचा होता, महागाचा, स्पोर्ट रबराचा. कडेवर ‘६६डब्ल्यू’ असं लिहिलेलं. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरला टिकणारा. माझी गाडी ११५ला धापा टाकते. पण पार्किंगमध्ये खाली बसून ते अक्षर लोकांना दाखवण्यात काय मजा होती म्हणून सांगू! चेनगार्ड घासत होतं म्हणून ते कापलं. गाडी वळायला आळस करू लागली, त्याला मी ‘स्थिरपणा’ असं नाव दिलं. वळणात आधी हट्ट धरायची आणि मग एकदम आडवी पडल्यासारखी झुकायची, त्याला ‘स्पोर्टी’. आपल्या पैशाने आणलेल्या दोषाला माणूस किती गोड नावं ठेवतो!

टायरच्या दोन्ही कडांना रस्ता न लागलेली, नवी कोरी पट्टी राहते. पोरं तिला ‘चिकन स्ट्रिप’ म्हणतात. जेवढी पट्टी रुंद तेवढा चालवणारा भित्रा, असा हिशोब. माझी पट्टी दोन बोटं होती. लवासाच्या रस्त्यावर किती रविवार घातले तरी ती कमी होईना. शेवटी एका दुपारी, घरात कुणी नसताना, मी पॉलिश पेपर घेऊन पार्किंगमध्ये बसलो आणि कडा घासून काढल्या. हे आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

पडलो तो जून २०२३ मध्ये, पहिल्या पावसाच्या संध्याकाळी. घाट नाही, वळण नाही, वेग २५सुद्धा नसेल. कोथरूडमधल्या एका चौकात झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या जाड पट्ट्यांवरून डावीकडे वळत होतो, आणि मागचं चाक साबणावर पाय पडावा तसं निघून गेलं. मी आडवा, गाडी आडवी, मागे रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचलो. गुडघा सोलला, फुटपेग वाकला. एका काकांनी हात देऊन उठवलं आणि गाडीकडे बघून म्हणाले, “एवढा रुंद टायर असून घसरली?” त्यांनी भाबडेपणानेच विचारलं होतं. पण घरी जाऊन हळद लावताना मला तोच प्रश्न सतावत होता.

पहिले आठ दिवस मी पावसाला शिव्या दिल्या. मग महापालिकेच्या रंगाला. दोघांची चूक होतीही. पहिल्या पावसात वर्षभराचं तेल आणि धूळ वर येते, आणि त्या पट्ट्यांवर ओल्या चपलेनेही जपून चालावं लागतं. पण त्याच संध्याकाळी त्याच पट्ट्यांवरून माझ्या पुढे तीन ॲक्टिव्हा वळून गेल्या होत्या, एकीवर मागे भाजीच्या पिशव्या. त्या कुणी पडल्या नाहीत.

फुटपेग घ्यायला नाना पेठेत गेलो. तिथे गल्लीच्या तोंडाशी एक जुने टायरवाले बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी मी काही विचारायच्या आत मागच्या टायरमध्ये अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. नख रुतलं नाही. मग उकिडवे बसून कडेवरचे चार आकडे पुसले. “३५१७. पस्तिसावा आठवडा, २०१७ साल. कधी घेतला साहेब?”

“गेल्या वर्षी.”

“म्हणजे घेतला तेव्हाच बालवाडीत जायच्या वयाचा होता.”

टायर ‘स्टॉकमधला शेवटचा’ म्हणून मला सवलतीत मिळाला होता. कुठे, ते सांगत नाही. ते चार आकडे वाचायला मला कुणी मनाई केली नव्हती. रबर गोदामात पडून पडूनही कडक होतं, हे मला ऐकून माहीत होतं. पण २७०चं डब्ल्यू वाचणाऱ्या डोळ्यांना त्याच्याच शेजारचे चार आकडे दिसले नाहीत.

मग चाचांनी रिमवर पट्टी धरली. “रिम साडेतीन. टायर १५०. याला चार-सव्वाचार इंची रिम पाहिजे. शर्ट बेचाळीसचा आणि कॉलरचं बटण अडतीसचं लावलंय तुम्ही. बघा कसा चिमटलाय.” त्यांनी मला मागून खाली बसवून दाखवलं. मी तो टायर शेकडो वेळा मागून पाहिला होता, पण असा नाही. दोन्ही बाजू आत ओढल्या गेलेल्या, मधला भाग उंटाच्या पाठीसारखा वर आलेला. सरळ चालताना तो त्या वशिंडावर चालत होता आणि कडा हवेत. माझ्या चिकन स्ट्रिप का जात नव्हत्या, वळताना गाडी आधी हट्ट धरून मग का कोसळायची, या दोन्हींचं उत्तर तिथे रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून मिळालं. भित्रेपणा निदान पूर्णपणे माझा नव्हता.

“मग किती घालू?”

चाचांनी समोर लावलेल्या एका गाडीकडे मान वळवली. एक्सपल्स २०० टी. माझ्याच गाडीची सख्खी बहीण, त्याच वर्षी आलेली, तेच इंजिन, फक्त कारखान्यातूनच १७ इंची चाकं घालून निघालेली. मागे १३०/७०. “ज्यांनी इंजिन बनवलं, त्यांना नसेल का कळत?” एवढंच बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पेन्शनरांचा टायर.

तरी मी लगेच घेतला नाही. इंजिनियर माणूस, हरल्यावरही आकडेमोड केल्याशिवाय हार मानत नाही. घरी येऊन कागद घेतला. टायरचा जमिनीला टेकणारा भाग किती? ढोबळ हिशोब असा, की त्या चाकावर येणारा भार भागिले आतल्या हवेचा दाब. टायरच्या अंगचा ताठपणा सोडून देऊ. गाडी १५४ किलो, मी ७५, त्यातले सव्वाशे किलो मागच्या चाकावर. हवा २८ पीएसआय. उत्तर येतं ६३ चौरस सेंटीमीटर. टपाल खात्याचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटीमीटरचं, म्हणजे १२६. बरोबर अर्धं पोस्टकार्ड! पुढच्या चाकाचं साधारण तेवढंच. चालवणाऱ्यासकट अख्खी गाडी, तिचे ब्रेक, तिचं वळणं, माझा गुडघा, सगळं एका पोस्टकार्डावर उभं.

आणि या हिशोबात टायरची रुंदी येतच नाही. १३० घाला, १५० घाला, त्याच भाराला आणि त्याच हवेला टेकणारी जागा जवळपास तेवढीच. बदलतो तो तिचा आकार. विश्वास बसेना, म्हणून कुंडीला लावायचा गेरू मागच्या टायरवर फासला, खाली ड्रॉइंग पेपर ठेवला आणि गाडीवर बसलो. ठसा उमटला तो लांबट आणि अरुंद, भोपळ्याच्या बीसारखा. नंतर १३० चढवल्यावर पुन्हा तेच केलं. ठसा आखूड आणि रुंद, जवळजवळ चौकोनी. म्हणजे मी रुंद टायर घालून प्रत्यक्षात अरुंद टायरवर फिरत होतो. ते दोन्ही कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. भाच्याला पुढे पाठवलेला पहिला पुरावा म्हणजे त्यांचाच फोटो.

चाकं बदलल्याने गाडीचं काय होतं, हेही मी त्याच रात्री पहिल्यांदा मांडलं. ते चाकं बदलायच्या आधी करायचं असतं! मूळचं पुढचं चाक, ९०/९०-२१, टायरसकट ६९५ मिलिमीटर व्यासाचं. आता ११०/७०-१७, म्हणजे ५८६. मागचं ६४९ वरून ६१२-६१४ वर. पुढचा आस साडेपाच सेंटीमीटर खाली आला, मागचा दोनसुद्धा नाही. गाडी नाकावर झुकली, पुढचा काटा (फोर्क) साधारण दीड अंश उभा झाला. याने हँडल चपळ होतं, आणि सुपरमोटोची सगळी गंमत या चपळाईतच आहे. ती मी पुढच्या चाकातून कमावली आणि मागच्या जाड टायरने उडवली. मीटरही तेव्हापासून थापा मारतो. तो ५९ दाखवतो तेव्हा फोनमधला जीपीएस ५० सांगतो. पोटाखालची २२० मिलिमीटरची मोकळी जागा साडेतीन सेंटीमीटरने घटली ती वेगळीच. आमच्या सोसायटीच्या गतिरोधकाला हे माझ्या आधी कळलं होतं.

रबराचा मुद्दा मात्र मला सगळ्यांत उशिरा पटला, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. शर्यतीतले सुपरमोटोवाले गुळगुळीत स्लिक वापरतात, माती किंवा ओल असेल तर त्यात हाताने खाचा कापतात. ते फोटो बघून माझं डोकं फिरलेलं. पण त्यांच्या टायरना रांगेत उभं असताना गरम चादरी गुंडाळलेल्या असतात. ते रबर तापलं की चिकटतं, थंड असलं की नुसतं महाग असतं. मी पावसात कोथरूडहून निघणार, चांदणी चौकापर्यंत गर्दीत पाय टेकत जाणार, १८ घोड्यांनी तो २७०चा टायर किती तापवणार? ओल्या, गार रस्त्याला लागतं ते थंड असतानाही लवचीक राहणारं रबर, ज्यात सिलिका बऱ्यापैकी असते. असे टायर रोजच्या वापराच्या, टुरिंगच्या वर्गात मिळतात, ज्यांची जाहिरात कुणी गुडघा टेकवून करत नाही. नक्षीतल्या खाचा पाणी बाहेर काढतात हे खरं. पण चौकातल्या २५च्या वेगाला माझं चाक पाण्यावर तरंगलं नव्हतं. कडक, थंड रबराला पांढऱ्या पट्टीवर धरायला काही मिळालं नाही, एवढंच झालं होतं.

तर आता माझ्या गाडीवर पुढे ११०/७०-१७ आणि मागे १३०/७०-१७ रेडियल. मागच्यावर ६२पी लिहिलंय. ६२ म्हणजे २६५ किलो पेलणारा, पी म्हणजे ताशी १५०. मला हे दोन्ही उरून पुरतं. पुढे साधा आणि मागे रेडियल हे चालतं, २०० टीलाही तसंच यायचं. उलट, म्हणजे पुढे रेडियल आणि मागे साधा, हे करू नये. कंपनी कोणती ते मुद्दाम सांगत नाही, कारण गेली पंधरा वर्षं मी फक्त कंपनीवरच भांडलो. या मापात एमआरएफ, सीएट, अपोलो, टीव्हीएस सगळ्यांचं काही ना काही आहे. १३०/७० हे माप अपाची २००लाही लागतं, त्यामुळे तो महाडलाही मिळतो, कराडलाही. माझा तो १५० पुण्याबाहेर फाटला असता तर गाडी टेम्पोत घालून आणावी लागली असती.

तारांची रिम म्हणजे आत ट्यूब, हे विसरायचं नाही. टायरवर ‘ट्यूबलेस’ छापलंय म्हणून निर्धास्त राहणारे मी बघितलेत, मीही त्यातलाच. खिळा लागला की ट्यूबची हवा हळूहळू जात नाही, भसकन जाते. सीटखाली आता एक ट्यूब आणि दोन लिव्हर असतात.

हवेचं तर विचारू नका. पेट्रोलपंपावरचा मुलगा प्रेमाने ३५ भरायचा आणि मी त्याला वर पाच रुपये द्यायचो. दाब वाढला की भागाकार लहान होतो, अर्ध्या पोस्टकार्डाचंही कोपऱ्यातून कातरलेलं पोस्टकार्ड होतं. आता स्वतःचा गेज आहे. रविवारी सकाळी, गाडी काढायच्या आधी, टायर थंड असताना बघतो. माझ्या वजनाला पुढे २५, मागे २८ बरोबर बसतं. दुसऱ्याने तेच भरावं असं नाही.

एका बाबतीत मात्र मत बदललेलं नाही. १७ इंची चाकावर ठोकळ्यांच्या नक्षीचे बटण टायर घालून ‘दोन्हीकडे चालेल’ म्हणणारे भेटतात. डांबरावर ते ठोकळे वाकतात, गाडी वळणात वळवळते, आणि मातीत १७ इंची चाक रुततं ते रुततंच. मातीत जायचं असेल तर मूळची २१ इंची चाकं माळ्यावर आहेत, ती खाली काढतो.

नवे टायर घालून पहिल्यांदा ताम्हिणीत गेलो तो ऑगस्टमध्ये. मुळशीचं पाणी भरलेलं, डोंगरकड्यांतून लाल गढूळ ओहोळ रस्त्यावर उतरलेले, वळणांच्या आतल्या बाजूला शेवाळाचा हिरवट पट्टा. मी घाबरत चाललो होतो, चौकातला गुडघा अजून आठवत होता. तिसऱ्या-चौथ्या वळणाला लक्षात आलं की मी गाडीला ढकलत नाहीये. नजर टाकावी आणि ती तिकडे जावी, असं चाललंय. एका वळणात ओल्या पानांवरून मागचं चाक बोटभर सरकलं. पण सरकलं ते सांगून, आणि परत जागेवर आलं. जुना टायर असं काही सांगत नसे, थेट जमिनीवर नेऊन ठेवायचा. डोंगरवाडीच्या पुढे टपरीवर थांबून भजी खाल्ली आणि तिथूनच भाच्याला फोन लावला.

“अरे, तो १५० काढ.”

“का?” पलीकडून थंड आवाज. “तूच म्हणालेलास.”

“चुकलो.”

बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. मग तो म्हणाला, “मामा, साडेसात हजारांचा आहे तो.” मी नव्या टायरचे पैसे देतो म्हणालो. त्याने नको नको करत घेतले.

गणपतीत तो पुण्याला आला तेव्हा आमच्या दोन्ही गाड्या पार्किंगमध्ये शेजारी शेजारी लावल्या, दोन्हींना मागे १३०. आरती झाल्यावर प्रसादाची वाटी घेऊन आम्ही खाली उतरलो आणि सवयीने मागे, दहा पावलांवर जाऊन उभे राहिलो. तो बराच वेळ बघत राहिला.

“चालते मस्त,” तो म्हणाला. “पण मागून जरा बारीक दिसते ना रे?”

दिसते. मीही तेच बघत होतो.